प्रवाशाचा शब्द

अनोळखी मुलखात निघालेल्या माणसाला शिदोरीइतकीच माहितीचीही गरज असते. पुढच्या मुक्कामी पाणी मिळेल काय, नदीला उतार कोठे आहे, रात्री पाठ टेकावयास जागा कोण देईल, या प्रश्नांची उत्तरे पूर्वी घरी बसून मिळत नसत. ती वाटेवरच मिळवावी लागत. समोरून येणारा वाटसरू, धर्मशाळेत शेजारी उतरलेला यात्रेकरू आणि गावच्या पारावर बसलेली वडीलधारी मंडळी, हेच त्या काळी माहितीचे भांडार होते. जो त्या वाटेने नुकताच जाऊन आला आहे, त्याच्या शब्दाला मोठे मोल असे. त्याचा अनुभव ताजा असे आणि परक्या वाटसरूला फसवून त्याला काही मिळवावयाचे नसे.

कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे यांची हकिकत या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तेथे भरपूर दानधर्म होणार आहे, अशी वार्ता त्यांच्या कानी आली. घरच्या गरिबीने गांजलेले विष्णुभट तेवढ्या वार्तेच्या आधारावर १८५७ साली उत्तरेकडे निघाले. महूच्या सुमारास वाटेत भेटलेल्या शिपायांकडून त्यांना समजले की, लवकरच मोठा उठाव होणार आहे. यज्ञाची वार्ता वरसईपर्यंत पोहोचली होती. उठावाची पोहोचली नव्हती. पुढे त्यांनी जे पाहिले व भोगले, ते ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकात आले असून ते पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. एका वार्तेने विष्णुभटांना घराबाहेर काढले आणि दुसरीने पुढच्या संकटाची सूचना दिली. दोन्ही वार्ता माणसांच्या तोंडूनच आल्या होत्या.

रेल्वे आणि मोटार आल्यावर प्रवास वाढला, आणि प्रवासाची माहिती छापील पुस्तकांतून मिळू लागली. फ्रान्समधील मिशेलिन या टायर बनविणाऱ्या कंपनीने १९०० साली मोटार चालविणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. लोक जितके अधिक हिंडतील तितके टायर अधिक झिजतील, असा त्यामागील सरळ व्यापारी हिशेब होता. १९२६ सालापासून या पुस्तिकेत उत्तम भोजनालयांच्या नावापुढे तारा छापण्यात येऊ लागला. हा तारा मिळावा म्हणून मोठमोठे आचारी आजही जिवाचे रान करतात. परंतु तारा देण्याचा अधिकार कंपनीच्या मोजक्या निरीक्षकांच्या हाती होता. वाचणारे असंख्य आणि लिहिणारे मूठभर, अशी छापील माहितीची रीत होती. ज्या वाचकाला त्या भोजनालयात वाईट जेवण मिळाले, त्याला आपले गाऱ्हाणे दुसऱ्या वाचकाच्या कानावर घालण्याचा मार्ग नव्हता.

मात्र प्रवाशांनी प्रवाशांना सांगण्याची जुनी रीत पुस्तकांमुळे संपली नाही. आफ्रिकेतील केनिया देशाची राजधानी नैरोबी. तेथील स्टॅन्ली नावाच्या जुन्या हॉटेलच्या उपाहारगृहात बाभळीच्या कुळातील एक काटेरी झाड होते. त्या मुलखात हिंडणारे प्रवासी एकमेकांसाठी निरोपाच्या चिठ्ठ्या लिहून या झाडावर टाचून ठेवीत. मागून येणारा आपली चिठ्ठी शोधून वाची आणि जाताना आपलीही एखादी तेथे ठेवून जाई. १९९६ साली लोन्ली प्लॅनेट या प्रवासपुस्तके काढणाऱ्या संस्थेने प्रवाशांना परस्परांशी प्रश्नोत्तरे करता यावीत म्हणून इंटरनेटवर एक जागा उघडली, तेव्हा तिला या झाडाचेच नाव दिले. इंटरनेटवरचे ते झाड आता राहिलेले नाही. परंतु त्याने दाखविलेली वाट पुढे फार मोठी झाली. नैरोबीच्या झाडावरची चिठ्ठी वाचावयास नैरोबीस जावे लागे. इंटरनेटवरची चिठ्ठी मात्र घरबसल्या, जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात, वाटेल तितक्या लोकांना एकाच वेळी वाचता येऊ लागली.

त्यानंतरच्या काळात हा विस्तार वेगाने झाला. २००० साली अमेरिकेत ट्रिपॲडव्हायझर या संकेतस्थळाची स्थापना झाली. हॉटेलात राहून आलेला सामान्य प्रवासी तेथे आपला अभिप्राय लिहू लागला आणि तारे देऊ लागला. जो अधिकार पूर्वी मोजक्या निरीक्षकांकडे होता, तो आता ज्याच्या त्याच्या हाती आला. २००४ साली फेसबुक, २००५ साली यूट्यूब आणि २०१० साली इन्स्टाग्राम सुरू झाले. मोबाइलमध्येच कॅमेरा आल्यामुळे लिहिण्याबरोबर दाखविणेही सोपे झाले. अशा रीतीने दुर्गप्रेमींचे, सायकलस्वारांचे, पक्षिनिरीक्षकांचे, एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांचे असे असंख्य समूह निर्माण झाले. या समूहांतील माणसे एकमेकांना बहुधा भेटलेली नसतात. तरी ती एकमेकांच्या प्रवासाची आखणी करीत असतात.

ही आखणी कशी होते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, नागपूरच्या एका कुटुंबाला दिवाळीच्या सुट्टीत मालवणास जावयाचे आहे. सोबत वृद्ध आजी आहेत. त्यांना जिने चढवत नाहीत. कुटुंबातील मुलगी कोकणप्रवासाच्या एखाद्या समूहात प्रश्न विचारते की, समुद्राजवळ, तळमजल्यावर खोली असलेले आणि घरगुती जेवण मिळणारे ठिकाण कोणते. तासाभरात उत्तरे येऊ लागतात. गेल्याच आठवड्यात तिकडून आलेला पुण्याचा एक गृहस्थ कळवितो की, अमुक घाटात रस्त्याचे काम चालू आहे, तेव्हा दिवसाउजेडी घाट उतरावा. मालवणचाच एक रहिवासी दोन घरांची नावे सुचवितो आणि त्यांपैकी एकाच्या अंगणात उतार असल्याने आजींना ते अधिक सोयीचे पडेल, असेही सांगतो. तिसरी व्यक्ती सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत वृद्ध माणसाला चढता-उतरताना आधार द्यावा लागेल, याची आठवण देते. चौथा कोणी नोकरीनिमित्त परदेशी असलेला मालवणी माणूस असतो. तो केवळ आपल्या गावी कोणी येत आहे या आनंदाने दोन ओळी लिहितो.

या उत्तरांबद्दल कोणी कोणाला मोबदला देत नाही. मग ही माणसे उत्तरे का देतात? एके काळी त्यांनाही असेच कोणी साहाय्य केलेले असते. शिवाय आपल्याला जे ठाऊक आहे ते सांगण्यात माणसाला एक प्रकारचे समाधान वाटते आणि आपल्या गावाचे कौतुक करण्यात अभिमान वाटतो. प्रवास आटोपल्यावर नागपूरची मुलगी त्याच समूहात आपला अनुभव लिहिते. काल जी विचारणारी होती, ती आज सांगणारी होते. पारावरच्या गप्पांची परंपराच येथे नव्या साधनाने पुढे चालली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र नव्या साधनात एक गोष्ट अशी आहे की, जी पारावर नव्हती. पारावर कोण बोलत आहे हे ऐकणाऱ्याला दिसे. समाजमाध्यमांवर कोणता मजकूर कोणापुढे यावा, हे बहुतांशी यंत्र ठरविते. ज्या चित्राकडे अधिक लोक थांबून पाहतात, ते चित्र यंत्र आणखी लोकांपुढे ठेवते. आणि त्यामुळे ते आणखी पाहिले जाते. परिणामी प्रसिद्ध ठिकाण अधिक प्रसिद्ध होते आणि त्याच्याच शेजारचे तितकेच सुंदर ठिकाण कोणाच्या गावीही नसते. दुसरे असे की, शब्द आणि चित्र यांच्या स्वभावात अंतर आहे. ‘घाट दिवसा उतरा’ हा शब्द वाटेतील अडचण सांगतो. चित्र केवळ क्षणाचे सौंदर्य दाखविते. त्या क्षणापर्यंत पोहोचण्याची वाट चित्राच्या चौकटीबाहेर राहते.

प्रवाशांच्या या शब्दाचा पर्यटनाच्या व्यवसायावर मोठा परिणाम झाला आहे. पूर्वी कोकणातील एखाद्या कुटुंबाने आपल्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या, तर ते लोकांना कळावे कसे, हा प्रश्न असे. वर्तमानपत्रात जाहिरात देण्याची ऐपत नसे. फार तर रस्त्यालगत एक पाटी लावता येई, किंवा एस. टी. स्थानकावरील रिक्षावाल्यांना सांगून ठेवता येई. आज त्या घरी राहून गेलेल्या एखाद्या कुटुंबाने सोलकढीची, अंगणातील झोपाळ्याची आणि घरच्या माणसांच्या अगत्याची चार वाक्ये लिहिली की, ती मुंबई-पुण्यापासून इंदूर-बडोद्यापर्यंत वाचली जातात.

हा लाभ लहान व्यावसायिकाला मोठ्यापेक्षा अधिक होतो, हे अभ्यासानेही दिसून आले आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील मायकेल लुका यांनी अमेरिकेतील सिॲटल शहरातील भोजनालयांचा अभ्यास करून २०११ साली आपले निष्कर्ष मांडले. येल्प या संकेतस्थळावर लोकांनी दिलेले तारे त्यांनी भोजनालयांच्या उत्पन्नाशी ताडून पाहिले. एका ताऱ्याची वाढ झाली असता उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. विशेष म्हणजे हा परिणाम स्वतंत्र भोजनालयांच्या बाबतीत दिसला. गावोगाव शाखा असलेल्या प्रसिद्ध भोजनालयांवर ताऱ्यांचा परिणाम झाला नाही. याचे कारण उघड आहे. प्रसिद्ध भोजनालयात काय मिळेल, हे गिऱ्हाइकाला आधीच माहीत असते. अनोळखी दुकानाची पायरी चढताना मात्र त्याला कोणाच्या तरी शब्दाचा आधार लागतो. म्हणूनच प्रवाशाचा शब्द हे लहान व्यावसायिकाचे भांडवल होय.

प्रवासी कंपन्यांच्या कामातही यामुळे फरक पडला आहे. एके काळी कोणत्या गाडीने जावे, कोठे उतरावे, काय पाहावे, ही माहिती हाच त्यांचा माल होता. आज गिऱ्हाईक ती माहिती वाचूनच त्यांच्या दारी येते. कधी कधी तर त्यांच्याहून अधिक वाचून येते. तेव्हा केवळ माहिती विकून भागत नाही. कागदपत्रे पुरी करणे, अडचणीच्या वेळी पाठीशी उभे राहणे, वृद्धांची व मुलांची काळजी घेणे, ही जबाबदारीची कामे जो चोख करील, त्याच्याकडेच लोक वळतात. चांगला व्यावसायिक आपल्याविषयीचे अभिप्राय रोज वाचतो. चूक असेल तेथे नम्रपणे मान्य करतो आणि ती सुधारतो. चादरी मळक्या होत्या असे एकाने लिहिले आणि मालकाने त्या बदलल्या, तर पुढच्या शंभर पाहुण्यांचे भले होते.

परंतु जे भांडवल आहे, त्याची चोरी आणि भेसळही होणारच. लंडन शहरात २०१७ साली घडलेला एक प्रसंग याचे उत्तम उदाहरण होय. उबा बटलर हा तरुण पत्रकार पूर्वी पैसे घेऊन भोजनालयांची खोटी स्तुती लिहीत असे. लोक काय काय खरे मानतात हे पाहण्यासाठी त्याने डलिच भागातील आपल्या घरामागच्या बागेतील लाकडी खोपट्याची नोंद भोजनालय म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर केली. तेथे चूल नव्हती, आचारी नव्हता, जेवण तर नव्हतेच. पदार्थांची म्हणून त्याने जी आकर्षक छायाचित्रे काढली, त्यांत दाढीच्या साबणाचा फेस वापरला होता. मित्रांकडून त्याने खोटे अभिप्राय लिहविले. जागा हवी म्हणून लोकांचे फोन येऊ लागले, तेव्हा सर्व जागा भरल्याचे उत्तर तो देई. त्यामुळे लोकांची उत्सुकता अधिकच वाढली. १८,१४९ भोजनालयांच्या यादीत तळाशी असलेले हे खोपटे त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात लंडनमधील पहिल्या क्रमांकाचे भोजनालय म्हणून झळकू लागले. ज्या भोजनालयात कोणी एक घासही खाल्ला नव्हता, ते सर्वांत उत्तम ठरले होते! ही हकिकत त्याने स्वतःच उघड केली, म्हणून ती जगाला कळली.

असे प्रसंग हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. एक खोटी स्तुती प्रवाशाला फसविते. पण त्याचबरोबर ती शेजारच्या प्रामाणिक खानावळवाल्याचे गिऱ्हाईकही पळविते. खोट्या निंदेने तर एखाद्याचा चालता धंदा बसू शकतो. ‘दर कमी करा, नाही तर वाईट लिहितो’ अशी धमकी देणारे प्रवासीही असतात. शिवाय काही प्रसिद्ध मंडळी हॉटेलकडून पैसे किंवा फुकट मुक्काम घेऊन त्याची वाखाणणी करतात आणि ती जाहिरात आहे हे मात्र सांगत नाहीत. या गैरप्रकारांना आळा घालण्याचे प्रयत्न आपल्या देशातही झाले आहेत. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली असा नियम केला की, मोबदला घेऊन केलेल्या स्तुतीवर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहिलेले असावे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली इंटरनेटवरील अभिप्रायांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. लिहिणाऱ्याची खातरजमा करावी, विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, अशी तत्त्वे त्यात आहेत. तरीही प्रत्येक वाक्यामागे पहारा बसविणे कोणत्याही संस्थेला शक्य नाही. अखेर वाचणाऱ्याच्या विवेकावरच बरेच अवलंबून असते. केवळ ताऱ्यांची संख्या न पाहता, लिहिणाऱ्याने काय पाहिले हे तपशिलाने सांगितले आहे काय, उणिवाही सांगितल्या आहेत काय, हे सुज्ञ वाचक पाहतो.

खोट्या शब्दाने होणारी हानी सहज ध्यानात येते. परंतु खऱ्या शब्दानेही हानी होऊ शकते, हे समजावयास थोडा विचार करावा लागतो. नॉर्वे देशात ट्रोलटुंगा नावाचा एक कडा आहे. जिभेसारखी बाहेर आलेली ती शिळा खालच्या तलावापासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. २०१० साली तेथवर चालत जाणारे लोक सुमारे ८०० होते. त्या शिळेच्या टोकाशी एकट्याच उभ्या असलेल्या माणसाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरू लागली, आणि २०१६ साली ही संख्या सुमारे ८०,००० झाली. छायाचित्रात माणूस एकटा दिसतो. पण छायाचित्र काढून घेण्यासाठी त्याच्या पाठीमागे लागलेली लांबच लांब रांग चित्रात दिसत नाही. जाऊन-येऊन दहा-बारा तासांची ती खडतर चाल आहे, हेही चित्रात दिसत नाही. त्यामुळे पुरेशी तयारी न करता निघालेल्या अनेकांना वाटेतून सोडवून आणण्याचे काम तेथील बचाव पथकांवर येऊन पडले.

ऑस्ट्रियातील हालश्टाट हे तलावाकाठचे चिमुकले गाव. त्याची वस्ती आठशेच्याही आत आहे. पण हंगामात एका दिवसात दहा हजारांपर्यंत पर्यटक तेथे येतात. पर्यटनावर गावाचे पोट चालते, हे खरे. तरीही दिवसभर दाराशी चाललेला गलबला असह्य होऊन २०२३ साली तेथे सर्वांच्या आवडत्या जागेसमोर लाकडी कुंपण उभारण्यात आले. उद्देश हा की, पाठीमागे दृश्यच दिसले नाही तर छायाचित्रासाठी लोक तेथे घोटाळणार नाहीत. त्यावर समाजमाध्यमांतूनच टीकेचा भडिमार झाला आणि ते कुंपण काढून टाकावे लागले. ज्या गावाला इंटरनेटने प्रसिद्धी दिली, त्या गावाला आपल्या अंगणात कुंपण घालण्याचीही मोकळीक इंटरनेटने ठेवली नाही, असाच याचा अर्थ होय.

असाच प्रश्न महाराष्ट्रातही उभा राहिला आहे. साताऱ्याजवळचे कास पठार हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आहे. पावसाळा सरत आला की, त्या थरावर तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे अशा नाना जातींची फुले फुलतात आणि सारे पठार रंगून जाते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाचा जागतिक वारशात समावेश केला. त्यात कास पठारही आहे. त्यानंतर फुलांच्या गालिच्यांची छायाचित्रे मोबाइलवरून घरोघर पोहोचली. सुट्टीच्या दिवशी घाटरस्त्यावर मोटारींच्या रांगा लागू लागल्या. चांगले छायाचित्र मिळावे म्हणून लोक फुलांच्या मध्ये जाऊन बसू लागले. ज्या रोपट्याचे सारे आयुष्य एका पावसाळ्याचे असते, ते बी धरण्याआधीच पायाखाली आले, तर पुढच्या वर्षी त्या जागी फूल कोठून येणार? आलेल्यांपैकी कोणाच्याही मनात फुले नष्ट करावीत असे नव्हते. प्रत्येकाने टाकलेले पाऊल एकच होते. पण पावले हजारो होती.

यावर वनखात्याने आणि पठाराच्या आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून उपाय योजला. दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा ठरविण्यात आली. येणाऱ्याने आगाऊ नोंदणी करावी, शुल्क द्यावे आणि आखून दिलेल्या वाटेनेच फिरावे, असे नियम झाले. गावच्या तरुणांना तेथे राखणीचे व मार्गदर्शनाचे काम मिळाले. ही आगाऊ नोंदणी इंटरनेटवरूनच होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या साधनाने गर्दी आणली, त्याच साधनाने गर्दीला शिस्तही लावता येते. साधन स्वतः चांगलेही नसते आणि वाईटही नसते. ते कोणाच्या हाती आहे आणि तो ते कशासाठी वापरतो, यावर सारे अवलंबून असते.

सह्याद्रीतील धबधब्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न जिवावरचा होतो. फेसाळणाऱ्या पाण्यासमोर उभ्या असलेल्या हसऱ्या मुलांचे चित्र मोहक असते. परंतु खडकावर शेवाळ किती आहे, डोंगरमाथ्यावर पाऊस पडला की ओढा किती थोड्या वेळात फुगतो, परतीची वाट कोठे बंद होते, हे त्या चित्रातून कळत नाही. ते खालच्या वाडीतील गुराख्याला ठाऊक असते. पण त्याला विचारावयास कोणी थांबत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात अशा ठिकाणी काही पर्यटकांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर पुणे जिल्ह्याच्या प्रशासनाने धोक्याच्या जागी जाण्यावर आणि तेथे स्वतःची छायाचित्रे व चित्रफिती काढण्यावर निर्बंध घातले. असे निर्बंध आवश्यक असतात. तरी ओढ्याकाठी उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी खरा उपयोग होतो तो आधी तेथे जाऊन आलेल्याच्या स्पष्ट शब्दाचा. ‘पाऊस सुरू झाला की येथून मागे फिरा’ हे एक वाक्य शंभर चित्रांहून मोलाचे ठरते.

मग सुंदर ठिकाणांविषयी काही सांगूच नये काय? काहींनी तसाही विचार केला आहे. अमेरिकेतील जॅक्सन होल या निसर्गरम्य दरीच्या पर्यटन मंडळाने २०१८ साली प्रवाशांना अशी विनंती केली की, छायाचित्रे अवश्य प्रसिद्ध करावीत, पण त्यांवर नेमक्या जागेची खूण देऊ नये. पक्ष्यांची घरटी किंवा दुर्मीळ वनस्पती यांच्या बाबतीत अशी गुप्तता योग्यच आहे. परंतु सर्वच ठिकाणी मौन हा उपाय होऊ शकत नाही. ज्या आडबाजूच्या गावाला पाहुण्यांची गरज आहे, त्याला मौनाने काहीच लाभणार नाही. शिवाय निसर्ग व इतिहास पाहण्याचा अधिकार थोड्या जाणकारांपुरता राखून ठेवणे न्यायाचे नव्हे. तेव्हा गरज आहे ती कमी बोलण्याची नव्हे, तर पुरते बोलण्याची. ठिकाणाचे सौंदर्य सांगावे, त्याबरोबर वाटही सांगावी. धोका सांगावा. कोणत्या ऋतूत तेथे जाऊ नये, हे सांगावे. गावाचे नियम काय आहेत, प्यावयाचे पाणी किती आहे, कचरा परत कोठवर आणावा लागतो, हेही सांगावे. ज्या घरी जेवलो तेथील चव सांगताना खोलीतील उणीवही न लपविता, पण अतिशयोक्ती न करता सांगावी.

पूर्वीच्या वाटसरूचा शब्द एक-दोन माणसांपर्यंत पोहोचे. तो चुकला तर एखादाच प्रवासी आडवाटेला लागे. आज बारा-तेरा वर्षांच्या मुलाने घरच्या मोबाइलवरून टाकलेले छायाचित्रही हजारोंच्या डोळ्यांपुढे येऊ शकते. त्या चार ओळींवरून कोणी रजा काढतो, कोणी साठविलेले पैसे खर्च करतो, कोणाच्या खानावळीची चूल पेटते, आणि कोण्या पठारावर पावले उमटतात. शब्दाची पोच वाढली, त्याबरोबर शब्दाची जबाबदारीही वाढली आहे.

महूच्या वाटेवर विष्णुभटांना भेटलेले ते शिपाई त्यांच्या ओळखीचे नव्हते. पुढे काय होणार आहे, हे एका परक्या वाटसरूला सांगण्याचे त्यांना कारणही नव्हते. तरी त्यांनी ते सांगितले. नैरोबीच्या झाडावर चिठ्ठी टाचणाऱ्यालाही पुढचे वाचणारे कोण असतील, हे ठाऊक नसे. न पाहिलेल्या माणसाच्या हिताची अशी काळजी हाच प्रवासाचा खरा धर्म आहे. प्रवासाहून परत येणारा माणूस सोबत अनेक गोष्टी आणतो. मागून येणाऱ्यांसाठी तो मागे ठेवतो ती एकच गोष्ट, आपला शब्द. तो खरा आणि पुरता असावा.